मूठभर मिरच्या
परवा मंडईत एक गृहस्थ भाजीवाल्या मावशींचा काटा शून्यावर आहे ना, हे वाकून पाहत होते. योग्यच, काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का हवा, २००९ चा कायदाच आहे तसा. खात्री पटताच साहेबांनी मूठभर मिरच्या न विचारता पिशवीत टाकल्या. फुकट! हेच लोक मॉलमध्ये छापील किंमत निमूट मोजतात, वर पिशवीचे पैसेही. शनिशिंगणापुरात घरांना दारं न लावण्याची रीत आहे, पण तिथे निदान शनीचा धाक. मावशींचा धाक कुणाला? माझ्या मते ही चोरीच, रक्कम कितीही किरकोळ असो. मिरच्या हव्यात तर मागा, आणि मावशी नाही म्हणाल्या तर मुकाट्यानं पाच रुपये काढा.