सब्र कुणाच्या वाट्याला?

१९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांतून आखाताकडे रीघ लागली. त्याआधी पुरुष बोटीवर जायचे. म्हणजे बायकांचं वाट पाहणं जुनंच. आखाताने त्याला माप दिलं. दोन वर्षं काम, दोन महिने रजा. तीस वर्षांच्या नोकरीत नवरा-बायकोच्या वाट्याला एकत्र अशी जेमतेम अडीच वर्षं येतात.

आलेल्या पैशाचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. वाट पाहणारीचा हिशेब कुणी मांडत नाही. तिने तोंड उघडलं की उत्तर तयार, सब्र कर! पूर्वी तिकडून आवाज भरलेल्या कॅसेटी यायच्या. सगळं घर भोवती बसून ऐकायचं, त्यात बायकोसाठी वेगळं काय बोलणार? आता रोज व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, पण रुसवा काढायला माणूस जवळ नसतो. सुरुवातीला ती दिवस मोजते. पुढे मोजणं बंद होतं, आणि घरचे म्हणतात, रुळली बिचारी. मला ती रुळलेली वाटत नाही, विझलेली वाटते. साठीला नवरा कायमचा परततो, तेव्हा त्याचा चहा गोड की फिका हेही तिला विचारावं लागतं.

हजरत उमर (रजि.) यांची एक रिवायत जुम्म्याच्या बयानात क्वचितच ऐकू येते. रात्रीच्या गस्तीत त्यांना एका बाईचे विरहाचे शेर ऐकू आले; नवरा मोहिमेवर होता. खलिफांनी तिला सब्र शिकवला नाही. आपली मुलगी हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारलं, बाई नवऱ्यावाचून किती काळ राहू शकते? उत्तर काही रिवायतींत चार महिने आहे, काहींत सहा. मग सैनिकांना त्याहून जास्त काळ घरापासून दूर ठेवायचं नाही, असा हुकूम निघाला.

पुरुष हौसेने दूर राहत नाही, हे खरं. कुटुंब न्यायला पगाराची अट असते. सौदीत तर २०१७ पासून कुटुंबातल्या माणशी दरमहा १०० रियाल भरावे लागू लागले, २०२० पर्यंत ते ४०० झाले. पण म्हणूनच हे बोलणं निकाहाआधी व्हायला हवं. निकाहनाम्यात मेहेरसोबत शर्तीही लिहिता येतात. रजा किती महिन्यांनी, बायकोला न्यायचं कधी, नाही जमलं तर परतायचं कधी? आपल्याकडे मुलीचे मामा-चाचा विचारतात ते एवढंच, व्हिसा कुठला आणि कंपनी कुठली.