आधी टेप, मग टीव्ही

आपल्या संस्थेच्या स्नेहसंमेलनांत अलीकडे एक प्रश्न हमखास कानी पडतो, "टीव्ही किती इंची घ्यावा?" 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आल्याने मोठ्या पडद्याचा मोह वाढला आहे. या प्रश्नाचे उत्तर दुकानात शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते एका चुकलेल्या निदानातून बनले आहे.

2007 साली इंदूरच्या आमच्या घरी 29 इंची जुना टीव्ही जाऊन 32 इंची एलसीडी आला. आठच दिवसांत आई म्हणाली, "अरे, या नव्या टीव्हीत अक्षरं बारीक दिसतात." पुण्या-मुंबईच्या बातम्यांखालून सरकणारी ओळ वाचणे हा तिचा नित्यनेम होता. टीव्ही तीन इंचांनी मोठा, तेव्हा दोष डोळ्यांचाच असणार, असे मी गृहीत धरले. मोतीबिंदूच्या शंकेने तिची तपासणी करून घेतली. दृष्टीत पूर्वीपेक्षा काही फरक नव्हता. आई मात्र बिचारी ओशाळून गप्प बसली.

पुढे एकदा मी टेप लावून पाहिली. जुन्या 4:3 पडद्याची दिसणारी उंची साधारण 16 इंच होती. नव्या 16:9 पडद्याची पावणेसोळा. वाढली होती ती केवळ रुंदी. शिवाय जुना अवजड टीव्ही कपाटावर भिंतीपासून दोन फूट पुढे असे, नवा आम्ही भिंतीला टांगला होता. आईची खुर्ची तिथेच राहिली आणि आठ फुटांचे अंतर दहा फूट झाले. तेवढ्याच उंचीचे अक्षर तिच्या डोळ्याला एक पंचमांशाने लहान दिसू लागले होते. रुग्णाची तक्रार खरी होती. वैद्याने ती नीट ऐकली नव्हती.

प्लाझ्मा की एलसीडी, हा त्या काळचा वाद आज इतिहासजमा झाला. 2014 च्या सुमारास प्रमुख कंपन्यांनी प्लाझ्माचे उत्पादन थांबवले. ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो, तोही बहुधा मागून एलईडीचा प्रकाश दिलेला एलसीडीच असतो. नावे बदलली, पण मानवी डोळा तोच राहिला.

6/6 दृष्टीची व्याख्या आपण सारेच जाणतो. अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातील तपशील असा डोळा वेगळा ओळखतो. दहा फुटांवर हे माप सुमारे 0.9 मिलिमीटर भरते. 55 इंची पडदा जवळजवळ चार फूट रुंद असतो. त्यावरील फुल एचडीचा चित्रबिंदू सुमारे 0.63 मिलिमीटरचा आणि फोर-केचा त्याच्या निम्मा. म्हणजे दहा फुटांवर बसणाऱ्याला फुल एचडीचे बिंदूही सुटे दिसत नाहीत. फोर-केची अधिक बारकाई पाहण्यासाठी सात फुटांच्या आत यावे लागते. दुकानात आपण तीन-चार फुटांवर उभे असतो, म्हणून तिथे ती बारकाई डोळ्यांत भरते. शिवाय शेजारी 75 इंची पडदा असला, की 55 इंची आपोआप खुजा वाटू लागतो.

मोठा पडदा घेऊच नये, असा याचा अर्थ नव्हे. चित्रपटासाठी पडद्याने सुमारे 30 अंशांचा कोन व्यापावा, असा तंत्रज्ञांचा एक संकेत आहे. त्यासाठी अंतर कर्णाच्या साधारण 1.6 पट असावे. 55 इंचांना सव्वासात फूट, तर दहा फुटांना 75 इंच. चित्रपटांचा शौक असणाऱ्याने जरूर मोठा पडदा घ्यावा. पण बातम्या आणि मालिकाच पाहायच्या असतील, तर केवळ शेजाऱ्यांच्या बरोबरीसाठी दिवाणखान्याची भिंत झाकू नये. पडदा फार उंचही टांगू नये. ज्येष्ठ मंडळी मान मागे टाकून पाहतात आणि नंतर तीच मान घेऊन आपल्याकडे येतात.

म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी घरात सर्वांत अधिक वेळ टीव्ही पाहणारी व्यक्ती कोण, ती कुठे बसते आणि तिला काय वाचता येत नाही, हे तिलाच विचारावे. दृष्टी 6/12 असेल, तर अक्षर दुप्पट मोठे हवे किंवा अंतर निम्मे.

आमच्या घरी अखेर नवा टीव्ही आणावा लागला नाही. आईची खुर्ची चार फूट पुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुण्याच्या पावसाची बातमी मला मोठ्याने वाचून दाखवली.