चकाकी मालकाची, गाळ गावाचा

अपघातात चेपलेला ट्रक पत्रा ठोकून, लांबी भरून आणि नवा रंग लेवून रस्त्यावर येतो, तेव्हा त्याचा मालक समाधानाने बिल चुकते करतो. त्या बिलात पत्र्याची किंमत असते, रंगाची असते, कारागिराची मजुरी असते. एक रक्कम मात्र त्यात बहुधा नसते. रंगकामातून उरलेल्या विषारी कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची. पण बिलात न मांडल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो कोणीतरी भरतोच. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत तो रंगारी आपल्या फुप्फुसांनी भरतो आणि गॅरेजमागचा नाला आपल्या पाण्याने भरतो.

हा कचरा म्हणजे नेमके काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. साध्या बंदुकीने रंग फवारला, तर त्यातील निम्म्याहून अधिक भाग गाडीवर बसतच नाही. तो धुके होऊन हवेत उडतो. सुसज्ज कार्यशाळेत हे काम बंदिस्त रंगकक्षात चालते. तेथील पंखा हे धुके जाळीदार गाळणीतून किंवा पाण्याच्या पडद्यातून ओढून घेतो. गाळणी रंगाने चोंदली की बदलावी लागते आणि पाण्यात चिकट गाळ साचत जातो. शिवाय बंदूक धुतलेले थिनर, कालवून उरलेला रंग, रिकामे डबे, रंगाने भिजलेले कागद व चिंध्या आणि जुना रंग घासताना उडालेली भुकटी हेही त्यात मिळवावे लागते. या ऐवजात टोल्युईन व झायलीनसारखी द्रावणे असतात. काही पिवळ्या-तांबड्या रंगद्रव्यांत आणि अस्तरांत शिसे व क्रोमियम असते. घट्टकात आयसोसायनेट नावाचे रसायन असते. त्याची एकदा बाधा जडली की पुढे अत्यल्प मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. रंगाने माखलेल्या गाळण्यांचा ढीग तसाच पडून राहिला, तर काही रंगांच्या बाबतीत तो आपोआप तापून पेटूही शकतो.

ही झाली रंगकक्ष असलेल्या कार्यशाळेची गोष्ट. ज्या गॅरेजला ताडपत्रीचे छप्परही धड नाही, तेथे रंगकक्ष कोठून येणार? तेथे मोकळी हवा हाच कक्ष आणि जमीन हीच गाळणी. रंगाऱ्याच्या तोंडाला फार तर रुमाल असतो. रुमालाने धूळ थोडीफार अडते, द्रावणाची वाफ अडत नाही. थिनर मातीत ओतले जाते, डबे भंगारवाल्याकडे जातात, चिंध्यांची होळी होते आणि उरलेले सारे पहिल्या पावसात वाहून जाते. झरपटचे पाणी इरईत, इरईचे वर्धेत मिळते. वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होऊन सिरोंच्याजवळ ती गोदावरीला भेटते. शिसे आणि क्रोमियम या प्रवासात कुजत नाहीत, विरत नाहीत. ते वाटेतल्या गाळात थांबतात आणि त्या गाळावर जगणाऱ्यांच्या अंगात शिरतात.

कायदा नाही म्हणून हे घडते, असे कोणी म्हणू नये. घातक कचऱ्याचे नियम देशात 1989 पासून आहेत. ते 2008 मध्ये आणि पुन्हा 2016 मध्ये नव्याने करण्यात आले. रंगाच्या औद्योगिक वापरातून निघणारे अवशेष व गाळ हे नियमांच्या पहिल्या परिशिष्टात स्वतंत्र नोंद म्हणून आहेत. असा कचरा सामान्यतः 90 दिवसांहून अधिक काळ साठवता येत नाही. तो चिठ्ठी लावलेल्या पिंपात ठेवावा लागतो, वाहतुकीचे नोंदपत्र भरावे लागते आणि अधिकृत केंद्राकडेच सोपवावा लागतो. वाहनदुरुस्ती व रंगकाम हा उद्योग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2016 च्या वर्गवारीत नारिंगी गटात घातला. म्हणजे संमतीपत्राशिवाय तो चालविता येत नाही. कागदावर काहीही कमी नाही.

कमी आहे ते कागद आणि जमीन यांमधल्या रस्त्यावर. घातक कचऱ्याचे विदर्भातील सामायिक केंद्र नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. चंद्रपूरहून ते सुमारे सव्वाशे किलोमीटर; अहेरी-सिरोंच्याहून किती, हे त्या रस्त्याने एकदा प्रवास करणाऱ्यास सांगावयास नको. महिन्याकाठी अर्धे पिंप गाळ निघणाऱ्या गॅरेजने ते अर्धे पिंप कोणत्या वाहनाने न्यावे, त्याचे भाडे कोणत्या कमाईतून द्यावे आणि नोंदपत्र कोणाकडून भरून घ्यावे? जो नियम पाळण्याची वाट राज्यसंस्थेने बांधलीच नाही, तो मोडल्याबद्दल दंड करणे म्हणजे विहीर न खोदता तहानेला गुन्हा ठरविणे होय.

या प्रश्नावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. दोन्हींचा समाचार घेतला पाहिजे, कारण दोन्ही पुरोगामी वर्तुळांतही ऐकू येतात.

पहिला आक्षेप असा की, जेथे 2,920 मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र धूर ओकते आणि कोळशाच्या खुल्या खाणी धूळ उडवितात, तेथे गॅरेजच्या चार डब्यांची काय मातब्बरी? 2009 च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला 83.88 गुण मिळून ते देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांच्या अग्रभागी गेले, ते काही रंगाऱ्यांमुळे नव्हे. हे म्हणणे वरवर रास्त वाटते. पण मोठ्या अन्यायाचा दाखला देऊन लहान अन्याय सोसावयास लावणे ही सत्तेची जुनी रीत आहे. चळवळीने ती उचलू नये. शिवाय हे दोन अन्याय वेगळे नाहीतच. या रस्त्यांवर चेपतात ते ट्रक कोळसा, सिमेंट आणि लोहखनिज वाहणारे. सुरजागडच्या डोंगरावरील उत्खनन 2021 मध्ये पुन्हा सुरू झाल्यापासून एटापल्ली-आलापल्ली-आष्टीच्या वाटेवर जड वाहनांची जी रीघ लागली, तिचे ओझे वनातल्या गावांनी पाहिले आहे. खनिजाचा नफा जिल्ह्याबाहेर जातो आणि ते वाहणाऱ्या गाड्यांचा रंगगाळ जिल्ह्यात राहतो. गॅरेजचा डबा हे त्याच खाणीचे शेवटचे टोक आहे, एवढेच की त्यावर खाणमालकाचे नाव लिहिलेले नसते.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो : नियम मोडणारी गॅरेजे सरळ बंद करा, टाळे ठोका. नीटनेटक्या शहरी पर्यावरणप्रेमाला हा उपाय फार आवडतो. परंतु टाळे कोणाला लागते? कोरडवाहू शेतीत भागेना म्हणून हातात बंदूक आणि कंप्रेसरची नळी धरलेल्या तरुणाला. पडोलीच्या नाक्यावर टाळे लागले, तर तो दहा कोस आत एखाद्या मोहाच्या झाडाखाली तेच काम मांडेल. तेथे ना निरीक्षक पोहोचेल, ना डॉक्टर. कचरा थांबणार नाही, तो जंगलाच्या आणखी जवळ जाईल. शिक्षेने गरिबाची जागा बदलते, व्यवहार बदलत नाही.

मग जबाबदारी कोणाची? ज्याने रंग बनविला आणि विकला त्याची, ज्याच्या गाड्यांचे ताफे धावतात त्याची आणि ज्याच्या हाती परवाना देण्याची सत्ता आहे त्याची, याच क्रमाने. हे काही हवेतले तत्त्वज्ञान नाही. टायर आणि बॅटरी यांच्या उत्पादकांवर वापरानंतरच्या मालाची जबाबदारी 2022 च्या नियमांनी टाकण्यात आली. वापरलेल्या तेलाबाबत हीच तरतूद 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली. एकाच गॅरेजच्या एकाच कोपऱ्यात काळ्या तेलाचे पिंप आणि रंगगाळाचा डबा शेजारी असतात. पिंपाला कायद्याने वाली दिला, डबा मात्र पोरका ठेवला. या भेदाला कोणता शास्त्रीय आधार आहे? रंगकंपन्यांनी हा प्रश्न कधी विचारू दिला नाही, एवढाच.

शिशाच्या नियमातही हाच भेद दिसतो. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांहून अधिक असता कामा नये, असा नियम 2016 मध्ये झाला आणि 2017 मध्ये अमलात आला. तो योग्यच आहे. भिंतीचा पोपडा तोंडात घालणारे मूल त्याने वाचते. पण वाहनांचे आणि उद्योगांचे रंग त्या नियमाबाहेर राहिले. दिवाणखान्यातील मुलाला संरक्षण आणि बापाला डबा देण्यासाठी गॅरेजात आलेल्या मुलाला नाही, असा हा न्याय आहे.

यातली सर्वांत मोठी विसंगती तर चंद्रपूर जिल्ह्याच्या उदरातच आहे. 2016 चे नियम सांगतात की, जो कचरा टाळता वा पुन्हा वापरता येत नाही, त्यातील उष्णतेचा उपयोग करावा. पुरणे हा शेवटचा मार्ग. सिमेंटची भट्टी सुमारे 1,450 अंशांवर दगड भाजते आणि रंगगाळ तिला इंधन म्हणून चालतो. आवारपूर, उपरवाही, गडचांदूर येथे अशा भट्ट्या उभ्या आहेत. या भागाचा चुनखडक, पाणी आणि रस्ते त्यांनी घेतले. त्याच भागातील गॅरेजांचा गाळ मात्र पिंपापिंपाने त्यांच्या दारी पोहोचविणारी यंत्रणा नाही. भट्टीला वॅगनभर एकसारखा माल हवा आणि गॅरेजकडे अर्धे पिंप मिश्र माल असतो. या दोहोंना जोडणारे संकलन केंद्र ही काही अंतराळविद्या नव्हे. गाळ भट्टीत जाणार म्हणून धुराड्याकडे डोळेझाक करावी, असाही याचा अर्थ नाही. शिसे आणि क्लोरीन किती जाते याची आधी तपासणी झाली पाहिजे आणि धुराचे आकडे आजूबाजूच्या गावांना वाचता येतील अशा मराठीत फलकावर लागले पाहिजेत. अतिप्रदूषित म्हणून नोंदलेल्या जिल्ह्याला नवे धुराडे नको. असलेल्या धुराड्याकडून हिशेब हवा.

म्हणून मागण्या मोजक्या आणि ठाम असाव्यात. चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोली आणि आलापल्ली येथे लहान गॅरेजांसाठी संकलन केंद्रे उघडावीत आणि त्यांचा खर्च रंगउत्पादकांकडून व मोठ्या वाहतूकदारांकडून वसूल करावा. प्रत्येक केंद्राशेजारी सामायिक रंगकक्ष असावा, म्हणजे ज्याला स्वतःचा परवडत नाही त्याने तासाच्या भाड्याने तेथे काम करावे. कमी दाबाची, कमी रंग उडविणारी बंदूक आणि हवा पुरविणारा मुखवटा कारागिराला सवलतीत मिळावा. एस.टी. महामंडळाच्या आणि सरकारी कोळसा कंपनीच्या कार्यशाळांनी आपला रंगगाळ कोठे जातो याचा हिशेब सर्वांआधी जाहीर करावा. सार्वजनिक क्षेत्राने धडा घालून दिल्याविना खाजगीला उपदेश करता येत नाही. घातक कचऱ्याच्या पुनर्वापरात राबणाऱ्यांची नोंदणी करून त्यांचे गट उभारण्याचे काम 2016 च्या नियमांनी कामगार खात्याकडे सोपविले आहे. ही संकलन केंद्रे अशा गटांच्या हाती द्यावीत.

यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने पाणलोट आणि जलस्रोत यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. गडचिरोलीतील ग्रामसभांनी तो अधिकार बांबू आणि तेंदूपानाच्या बाबतीत वापरून दाखविला. ओढ्याच्या गाळाबाबतही वापरता येईल. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात गॅरेजांची यादी करावी, रंगाऱ्यांची सभा बोलवावी आणि तिचा ठराव ग्रामसभेत न्यावा. प्रदूषण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय चंद्रपुरातच आहे. त्याच्या पायरीवर रंगारी आणि ओढ्याकाठचा गावकरी एकत्र उभे राहिले, तर त्या दोघांना परस्परांविरुद्ध झुंजविणे कोणालाही जमणार नाही. तोवर प्रत्येक नव्या रंगाच्या बिलात एक ओळ कोरीच राहील आणि तिची रक्कम गाव भरत राहील.