तळ्याचा सातबारा

फराळाचे ताट पुढे असताना चिखलाची गोष्ट काढू नये, हे मला कळते. परंतु घर हा दिवाळीचाच विषय आहे. आणि ज्या उंबऱ्यापुढे आपण रांगोळी काढतो, त्याच्या जोत्याखाली काय दडले आहे हे विचारणे अशुभ खास नव्हे.

चार वर्षांपूर्वी मी परभणीच्या बाहेर एक प्लॉट घेतला. घेतला तो वैशाखात. जमीन भेगाळलेली, हद्दीचे दगड चुन्याने रंगवलेले. विकणारा म्हणाला, "गुरुजी, डोळे झाकून घ्या." मी अक्षरशः तसेच केले. भाद्रपदात जागा पाहायला गेलो, तर माझे चारही दगड पाण्याखाली! काठावर एक म्हातारबाबा म्हशी घेऊन उभे होते. म्हणाले, "गुरुजी, हे तर आमच्या म्हशीचं डबरं. माझ्या बापाच्या वक्ताला बी इथंच पाणी साचायचं." वीस वर्षे भूगोल शिकवणाऱ्या मास्तराला जे ठाऊक नव्हते, ते म्हशींना ठाऊक होते. सातबारा माझ्या नावावर होता. पाण्याच्या नावावर सातबारा कोण काढणार?

आमची काळी माती एकदा भिजली की पाणी फार सावकाश मुरते. उरलेले उताराने सखल जागा शोधते. ती जागा म्हणजे गावाचा रांजण. तेथे गाळ बसतो, शेजारच्या विहिरींना आधार मिळतो, लव्हाळ्यात पाणकोंबडी पिले वाढवते. मुरूम टाकून रांजण बुजवला म्हणून पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याच्या ओसरीवर जाते. शिवाय ही माती ओलीने फुगते, उन्हाने आकसते आणि वरच्या भिंतींना तडे देते. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. आणि आपण पाणी थांबण्याची जागा मुरमाने भरतो! याला शहाणपण म्हणावे काय?

यावर ठरलेला प्रश्न येतो: "मास्तर, माणसांनी राहावे की बगळ्यांनी?" प्रश्न चतुर आहे, पण खोटा आहे. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीचे काठ भरावाने आवळलेले होते. तेव्हा संसार वाहून गेले ते बगळ्यांचे नव्हेत.

कायदा नाही काय? आहे. पण 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांतून पिण्यासाठी वा सिंचनासाठी माणसाने बांधलेली तळी वगळली आहेत. म्हणजे आमच्याकडची कितीतरी तळी तेथेच गळाली. नव्या मुंबईत नेरुळजवळच्या पाणथळ जमिनीवर घरे आणि गोल्फचे मैदान व्हावे, म्हणून जमिनीचा वापर बदलण्यात आला होता. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथे जागरूक नागरिक होते, वकील होते. आमच्या डबऱ्याचे वकीलपत्र कोण घेणार? सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी पंजाबातील एका गावतळ्याच्या खटल्यात बजावले आहे की, गावाच्या सामाईक जमिनीवर फार वर्षे कब्जा आहे किंवा बांधकामाला फार खर्च झाला आहे, एवढ्याने अतिक्रमण कायम करता येणार नाही. भूमिहीनांना मात्र अपवादाची वाट ठेवली आहे, आणि तेच योग्य आहे. ज्या मजुराला दुसरीकडे जागा परवडली नाही म्हणून तो ओढ्याकाठी राहिला, त्याला आधी उंचावर जागा द्या, मग उठवा.

माझे मागणे मोठे नाही. एक एकराच्या वरच्या लेआऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. पुष्कळदा ती कोठल्या तरी अडगळीच्या कोपऱ्यात टाकतात. तीच सखल भागात सोडा. पाण्याला तेथे बसू द्या, भोवती मुलांना खेळू द्या, आणि घरे चढावर बांधा. मंजुरीपूर्वीची पाहणी वैशाखात न करता भाद्रपदात करा. याला पैसा लागत नाही; गुडघाभर चिखलात उतरण्याची तयारी लागते.

आमच्या सौ. म्हणतात, "सगळ्यांनी बांधली, तुम्हीच तेवढे शहाणे!" त्यांचे चुकते असे मी कसे म्हणू? अजून भाड्याच्या दोन खोल्यांत त्या रांगोळी काढतात. प्लॉट विकता येईल. उन्हाळ्यात गिऱ्हाईकही मिळेल, कदाचित माझ्यासारखाच एखादा मास्तर. पण माझा निश्चय झाला आहे. जागा दाखवीन ती भाद्रपदातच, आणि घेणाऱ्याला सांगेन, "डोळे उघडून घ्या." मग कोणी घेतली नाही, तर म्हशींची जागा म्हशींना परत गेली, एवढेच!