धागा लांब, पण कोणासाठी? वऱ्हाडचा कापूस आणि संशोधनाला विचारलेले प्रश्न

१/ कापूस-संशोधनाचा इतिहास सहसा वाणांच्या नावांनी सांगितला जातो. वास्तविक तो प्रश्नांचा इतिहास आहे. प्रयोगशाळेला प्रश्न गिरणीने विचारला की शेताने, यावर उत्तर ठरत गेले. शाश्वत कापूसशेतीची आजची चर्चा समजून घ्यायची, तर हा भेद आधी लक्षात घ्यावा लागतो.

२/ १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतील अनुभवी कापूस-बागायतदार हिंदुस्थानात आणले. येथे अमेरिकी वाण पिकवावे आणि मँचेस्टरच्या यंत्रांना लांब धाग्याचा कापूस मिळावा, हा उद्देश होता. धारवाडचा अपवाद वगळता प्रयोग बहुतेक ठिकाणी फसला. पाऊस वेगळा, माती वेगळी. पण प्रश्न मात्र लँकेशायरचा होता.

३/ १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचे दिवस आले. लिव्हरपूलच्या बाजारात तो ‘ऊमरा’ नावाने विकला जाई. हा ‘अमरावती’चाच अपभ्रंश. १८६५ मध्ये युद्ध संपले, आणि चढलेले भावही उतरले.

४/ याच भागात ‘बनी’ नावाचा तलम, लांब धाग्याचा देशी कापूस पिकत असे. हिंगणघाटचा कापूस तर त्यासाठी नावाजलेला होता. तरीही ‘जरी’ या आखूड, जाड धाग्याच्या कापसाने बनीला हळूहळू मागे सारले. सरकारी अधिकाऱ्यांनी यास शेतकऱ्याचे अज्ञान म्हटले. पण जरी लवकर हाती येई, उतारा अधिक देई, आणि तलमपणाची पुरेशी किंमत व्यापारी मोजत नसे. हे अज्ञान नव्हते. तो चोख हिशेब होता.

५/ १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली. १९२४ मध्ये तिची प्रयोगशाळा मुंबईत माटुंग्याला उभी राहिली. नवे वाण तेथे सूत कातून पारखले जाई: धाग्याची लांबी किती, ताकद किती, तलमपणा किती. हे काम मोलाचेच होते. मात्र ते वाण जमिनीतून काय नेते आणि कोरडवाहू वर्षात शेतकऱ्याच्या हाती काय ठेवते, हे मोजणारे यंत्र माटुंग्यात असणे शक्य नव्हते.

६/ त्याच १९२४ साली, त्याच कमिटीच्या अर्थसाहाय्याने, इंदूरला एक वेगळा प्रयोग सुरू झाला. वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी, स्वतः नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ असलेल्या गॅब्रिएल हॉवर्ड, तेथे कापसाकडे जमिनीच्या बाजूने पाहू लागले. केवळ वाण सुधारून भागणार नाही. काळ्या जमिनीचा निचरा, तिच्यात खेळणारी हवा आणि तिच्यातील ह्यूमस सुधारल्याविना सुधारलेले बियाणेही उपाशीच राहील, असा त्यांचा विचार होता.

७/ इंदूर पद्धतीचे खत त्यातूनच घडले. पऱ्हाट्या आणि तुराट्या कठीण, लवकर न कुजणाऱ्या. त्या शेतातील रस्त्यावर पसरायच्या, म्हणजे बैलगाड्यांखाली त्यांचा चुरा होई. मग गुरांखाली अंथरायच्या, आणि शेण, मूत्र मुरलेली माती व राख यांसह खड्ड्यात रचून ठराविक काळाने उलथायच्या. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. १९३१ मध्ये हॉवर्ड यांनी यशवंत वाड या सहकाऱ्यासह यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे पाश्चात्त्य सेंद्रिय शेतीची चळवळ ज्या पायावर उभी राहिली, त्यातला एक मोठा चिरा माळव्यातल्या या कापूसशेतीतून आलेला आहे.

८/ स्वातंत्र्यानंतर प्रश्न पुन्हा गिरणीचाच राहिला. फाळणीत लांब धाग्याचा मोठा मुलूख पाकिस्तानात गेला, त्यामुळे ते स्वाभाविकही होते. १९७० मध्ये सुरत येथे सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातील पहिला संकरित कापूस दिला. उत्पादन वाढले. पण संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. घरच्या सरकीवर होणारी पेरणी दुकानावर अवलंबून राहिली.

९/ २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. हिरव्या बोंडअळीवरील फवारण्या घटल्या, हे मान्य करायलाच हवे. परंतु २०१७ मध्ये महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने हाहाकार माजवला. अळीत प्रतिकारशक्ती आली होती. बिगर-बीटीच्या आश्रयओळी बहुतांश शेतांत लावल्या जात नव्हत्या. दीर्घ मुदतीचे संकरित वाण आणि त्यावर घेतलेली फरदड यांमुळे अळीला महिनोन् महिने अन्न मिळत राहिले. फरदड टाळा, वेळेत पऱ्हाटी काढा, हा आजचा सल्ला. म्हणजे तंत्रज्ञान नवे, तरी उपाय पीक-व्यवस्थापनाचाच.

१०/ ‘मग देशी कापसाकडेच वळावे’ ही घोषणा मात्र तितकीच भोळी आहे. देशी वाणांची बोंडे लहान, वेचणी कष्टाची, फुटलेला कापूस गळण्याची खोड, आणि आखूड धाग्याला भाव कमी. जरी निवडणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याप्रमाणेच आजचा शेतकरीही हिशेबी आहे. भाव नसलेले पीक तो केवळ आदर्शासाठी घेणार नाही, आणि त्याने का घ्यावे?

११/ येथेच परभणीचे काम महत्त्वाचे ठरते. तेथील महबूब बाग संशोधन केंद्राने लांब धाग्याचे देशी वाण विकसित केले. ‘पीए २५५’ हे त्यांपैकी एक. देशी वाणांचा काटकपणा आणि गिरणीला चालणारा धागा एकाच झाडात आणता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. देशी कापूस आखूड धाग्याचाच राहणार, हा निसर्गनियम नव्हता. तो प्रश्न फार काळ नेटाने विचारलाच गेला नव्हता.

१२/ महाराष्ट्रातील बहुतेक कापूस आजही पावसाच्या भरवशावर आहे. अशा भूमीत संशोधनाचे यश केवळ मिलिमीटर आणि क्विंटल यांत मोजणे अपुरे आहे. पाऊस रुसलेल्या वर्षी कर्ज न वाढवता पीक निभावले का, जमीन पुढच्या हंगामासाठी अधिक सकस राहिली का, हीही मापे त्याच तक्त्यात हवीत. इंदूरच्या खड्ड्यांत आणि परभणीच्या वाफ्यांत ही दिशा दिसली होती. धागा लांब झाला, हे चांगलेच झाले. आता शेतकऱ्याचा तग धरण्याचा काळही लांबला पाहिजे.