बचत गटाची वही आणि पहिली नोकरी



पवनीच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. ‘ताई, मी बी.ए., वय ३४. मुलं आता शाळेत जातात. घरच्या घरी प्रोग्रॅमिंग शिकले तर मला कुणी नोकरी देईल, की लोक हसतील?’

बाई, मी तर हसणार नाही. तीन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी स्वतःला विचारला होता. मीही बी.ए.च. इथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमचं मानधनही सुट्टीवर जातं!

आधी माझी फजिती सांगते. ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ अशी जाहिरात वाचून मी एका क्लासची फी भरली. त्यासाठी आईनं दिलेल्या पाटल्या गहाण पडल्या. सहा महिन्यांनी हाती आलं ते एक गुळगुळीत प्रमाणपत्र. मुलाखतीत समोरच्या माणसानं ते उलटूनही पाहिलं नाही. ‘तुम्ही स्वतः काय बनवलंय?’ एवढंच त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. नागपूरहून भंडाऱ्यापर्यंत एस.टी.त मी एकच विचार करत होते, की घरी ह्यांना काय सांगायचं?

म्हणून पहिली सूचना ही, की शिकण्यासाठी दागिना मोडू नका. मुंबईच्या आय.आय.टी.चे ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे फुकट आहेत, त्यातले कितीतरी मराठीतही आहेत. सरकारच्या ‘स्वयम्’वर शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. ‘फ्रीकोडकॅम्प’ही फुकट आहे. २०१४ साली ते सुरू करणारे क्विन्सी लार्सन हे आधी शिक्षणक्षेत्रातलेच. प्रोग्रॅमिंग शिकले ते तिशीत. इंग्रजी अडलं तर शब्दकोश घेऊन बसा, पण रोज बसा. मी पहाटे नळ यायच्या आधीचा एक तास धरला होता. आणि भाषा एकच घ्या. मी पायथन घेतली. दहा डब्यांत हात घातला की एकही भाजी धड होत नाही.

प्रोग्रॅम म्हणजे तरी काय? यंत्राला सांगितलेली पाककृती. फक्त त्यात ‘मीठ चवीपुरतं’ चालत नाही. किती, केव्हा, कशानंतर, सगळं स्पष्ट सांगावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. काय बनवायचं ते बाहेर शोधत बसू नका. आपल्याला जे काम पुरतं कळतं, त्यातलीच अडचण घ्या. बीड जिल्ह्यातले दादासाहेब भगत इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय होते. कामाचे तास संपल्यावर ते ग्राफिक्स शिकले, पुढे पायथन आणि सी प्लस प्लसही. शेवटी त्यांनी स्वतःची कंपनी काढली, तीही डिझाइनच्याच क्षेत्रात. जे हाताला ठाऊक होतं ते त्यांनी सोडलं नाही.

माझ्या हाताला ठाऊक होती आमच्या बचत गटाची वही. बारा जणी, महिन्याला २०० रुपये, अंतर्गत कर्ज आणि त्यावरचं व्याज. दर बैठकीत बेरजेवरून कुरबुर. त्या हिशेबाचा प्रोग्रॅम मी दोन महिने खपून लिहिला. मोठ्या तोऱ्यात बैठकीत दाखवला, तर आमच्या अध्यक्षबाई, चौथी शिकलेल्या, चष्मा सावरून म्हणाल्या, ‘पोरी, म्या मार्चात दोनदा पैसे भरले. तुही मशीन एकदाच दाखवून राहिली.’

खरंच होतं! एकीनं एका महिन्यात दोन हप्ते भरले, तर माझा प्रोग्रॅम पहिला पुसून दुसराच ठेवत होता. कुणाच्या तरी घामाचे पैसे मी गिळले असते. ती चूक शोधायला मला चार पहाटा लागल्या.

पुढच्या मुलाखतीला मी प्रमाणपत्र नेलंच नाही. प्रोग्रॅम गिटहबवर ठेवला होता, तो उघडून दाखवला, आणि ही चूकही सांगितली: कशी झाली, कुणी पकडली, कशी सुधारली. त्यांचे निम्मे प्रश्न त्या चुकीवरच होते. नागपूरच्या त्या छोट्या कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी, अर्धा वेळ, घरून काम दिलं. पगार तासिकांच्या मानधनाएवढाच. पण पाटल्या सुटतील. शाळेचे तास मात्र अजून सोडलेले नाहीत, आणि तुम्हीही पहिलं उत्पन्न इतक्यात सोडू नका.

खोटी आशाही दाखवत नाही. मोठ्या कंपन्यांच्या भरतीत बहुधा पदवीची चाळणी असते, बी.ए. तिथेच गळतं. म्हणून छोट्या कंपन्या, ओळखीचे दुकानदार, दवाखाने, पतसंस्था इथून सुरुवात करा. शिवाय सोपा कोड आता ए.आय. मिनिटात लिहून देतं. पण लिहिलेलं चुकलंय हे ओळखायला ते काम आतून माहीत असावं लागतं. आमच्या अध्यक्षबाईंना कोड येत नव्हता. हिशेब येत होता.

आणि ‘लोक हसतील’ म्हणता? १९६२ साली ब्रिटनमध्ये स्टेफनी शर्ली यांनी घरी बसलेल्या संसारी बायकांना घेऊन प्रोग्रॅमिंगची कंपनी काढली. बाईच्या नावाच्या पत्रांना कुणी उत्तर देईना, म्हणून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग त्या बायकांनी केलं, तेही घरून.

तेव्हा पवनीच्या भगिनी, उद्या पहाटे उठा. तुमच्या घरातली, गटातली, शाळेतली कुठली वही सारखी चुकते, ते आधी कागदावर लिहून काढा. मग मला पत्र टाका. काय बनवताय, तेवढंच कळवा. प्रमाणपत्राचं पुढं पाहू.