निजामाने लेखी घेतले, रयतेने काय घेतले?

मोठा मासा लहान माशाला गिळतो, हे रापणकाराला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. लहान मुलखाने शेजारच्या मोठ्या मुलखात सामील व्हावे असे कोणी म्हटले की हीच म्हण त्याच्या तोंडावर फेकली जाते आणि टाळ्या पडतात. पण बंधुभगिनींनो, खाडीचे तोंड वाळूने बुजले म्हणजे आतल्या पाण्याचे काय होते, हेही तुम्हीच जाणता. ते पाणी स्वतंत्र होते आणि नासते! समुद्राला तोंड नसलेल्या अशाच एका मुलखाची कहाणी आज तुमच्यापुढे मांडायची आहे. तो मुलूख म्हणजे निजामाचे हैदराबाद.

तसे पाहिले तर हे संस्थान लहानही नव्हते. ८२ हजार चौरस मैलांचा विस्तार, १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे १ कोटी ६३ लाखांची वस्ती, स्वतःचे नाणे, स्वतःचे टपाल, स्वतःची रेल्वे, स्वतःची फौज. जून १९४७ मध्ये मीर उस्मान अली खान या सातव्या निजामाने फर्मान काढले की, इंग्रज गेला म्हणजे आपण सार्वभौम. कागद नीट होता, शिक्का नीट होता. हे स्वातंत्र्य कोणाचे, एवढेच तेवढे त्यात लिहायचे राहिले होते!

ते आपण जमिनीवर पाहू. संस्थानातल्या शंभर एकरांपैकी सुमारे दहा एकर ‘सर्फ-ए-खास’, म्हणजे निजामाच्या खासगीचे. आणखी तीस एकर जहागीरदारांचे. उरलेल्या साठांवर सरकारी अंमल, पण तिथेही देशमुख-देशपांड्यांचा वरवंटा होताच. मराठवाड्यातला कुणबी कापसाची गाडी घेऊन बार्शी-सोलापूरच्या पेठेला निघाला की वाटेत करोडगिरीचा नाका उभा. पोर्तुगीज अमदानीतला पत्रादेवीचा नाका तुमच्या वाडवडिलांनी पाहिला आहे. त्याचाच हा सख्खा भाऊ. शंभरांतली अठ्ठेचाळीस माणसे तेलुगू बोलत, सव्वीस मराठी, बारा कन्नड, आणि कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली विद्यापीठ निघाले, तेही उर्दूतच. खुद्द हैदराबाद शहरात मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनी शाळा १९०७ साली निघाली, ती लोकांनी काढली, दरबाराने नव्हे.

आणि मासेमार बंधूंनो, या गोष्टीत तुमचे मुरगावही येते. समुद्राशिवाय आपले राष्ट्र चालायचे नाही हे निजामालाही कळत होते. म्हणून त्याने पोर्तुगालकडून मुरगाव बंदर मिळविण्याची खटपट केली. घेणारा निजाम, देणारा सालाझार! ज्यांच्या होड्या त्या पाण्यावर होत्या त्यांना विचारण्याचे कारणच काय?

विलीनीकरण म्हणजे हिंदूंनी मुसलमानांविरुद्ध मांडलेला डाव, असे सांगणारे तेव्हाही होते. त्यांना शोएबुल्लाखान हे एकच नाव पुरे आहे. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचा हा तरुण संपादक मुसलमान होता, आणि हैदराबादने भारतात सामील व्हावे असे तो उर्दूतच लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात रझाकारांनी त्याचा हात तोडला आणि जीव घेतला.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज शिरली आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. पाच दिवसांत ‘स्वतंत्र राष्ट्र’ आटोपले. त्यानंतरच्या दिवसांत मात्र मराठवाड्यात आणि इतर भागांत निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. सरकारनेच धाडलेल्या सुंदरलाल समितीने मेलेल्यांचा आकडा २७ हजार ते ४० हजार धरला, आणि तो अहवाल कित्येक दशके दाबून ठेवला गेला. विलीनीकरणाची बाजू मांडणाऱ्याने इथे जीभ चावू नये. ज्याने हे केले त्याने मुक्तीला डाग लावला.

आता हिशोब पाहा. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या आणि १९५० साली कूळकायदा आला. निजामाचे राष्ट्र टिकते तर हे दोन्ही झाले असते, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे! करोडगिरी गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला संस्थान भाषेप्रमाणे तीन ठिकाणी वाटले गेले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. आमचे मत इथेच पक्के होते: ते सामील झाले ते योग्यच झाले.

पण सामील होताना कोणी काय लिहून घेतले? निजामाने सालाला ५० लाखांचा तनखा लिहून घेतला आणि १९५० ते १९५६ राजप्रमुखपद भोगले. मराठवाड्याच्या पुढाऱ्यांनी मात्र ‘आम्ही बिनशर्त आलो’ असे अभिमानाने सांगितले. १९५३ चा नागपूर करार होता खरा, पण करार म्हणजे कायदा नव्हे. औरंगाबादला हायकोर्टाचे खंडपीठ बसायला १९८१ साल उजाडले. विकास मंडळाची तरतूद १९५६ पासून घटनेत होती. मंडळ आले १९९४ साली, आणि ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदतही संपली. पैठणला जायकवाडीचे धरण झाले, पण वरच्या अंगाला नाशिक-नगरची धरणे. पाणी खाली सोडायचे की नाही यावर एकाच राज्यातले, एकच भाषा बोलणारे शेतकरी कोर्टात भांडतात. भाषा एक झाली म्हणून पाट आपोआप वाहत नाही.

मासेमारांसाठी आणखी एक दाखला, थोडा लांबचा. उत्तर अटलांटिकमधले न्यूफाउंडलंड हा कॉड माशावर जगणारा स्वतंत्र मुलूख होता. तो कर्जात बुडाला आणि १९३४ साली त्याने स्वतःचे राज्यच इंग्रजांच्या आयोगाच्या हाती दिले. तिथला कोळी व्यापाऱ्याच्या वहीत जन्मायचा आणि वहीतच मरायचा. रोख पैसा त्याच्या हाती क्वचित पडे. हैदराबाद पडले त्याच १९४८ साली त्यांनी मतदान केले, आणि शंभरातल्या सुमारे बावन्नांनी शेजारच्या कॅनडात जायचे ठरविले. अटी लेखी झाल्या. मुलांचा भत्ता आणि म्हाताऱ्यांचे पेन्शन रोखीने घरात येऊ लागले. मात्र समुद्रातल्या माशाचा कारभार ओटावाला गेला. मोठमोठ्या जहाजांनी समुद्र उपसला, आणि १९९२ साली कॉडची मासेमारी सरकारला बंद करावी लागली. हजारो कोळी एका दिवसात बेकार!

आपल्याला १६ जानेवारी १९६७ ला विचारले गेले. बाजूने १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. हैदराबादच्या रयतेला तेवढेही कोणी विचारले नव्हते. त्या दिवसाची उणीदुणी आज काढायची नाहीत. पण ‘मोठ्यात चला’ म्हणणारा असो की ‘लहानच राहा’ म्हणणारा असो, तुमच्या मांडवात आला की त्याला आधी खाली बसवा. भाषेचे भाषण त्याने नंतर करावे. कुळाच्या आणि मुंडकाराच्या नावावर काय राहणार, नदीचे पाणी कोण वाटणार, ट्रॉलर किनाऱ्यापासून किती दूर ठेवणार, आणि यातले कोणते कलम कोणत्या कायद्यात, कोणत्या तारखेला घालणार, ते त्याच्याकडून कागदावर घ्या आणि खाली सही मागा.